बॉस ३०२ की बुलिट? गॅरेजात जागा एकच आहे

बोनेटखालचा | ११ सप्टेंबर, रात्री १०:१२

मंडळी, धागा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

मी मिशिगनमध्ये कँटनला राहतो, डिट्रॉइटपासून अर्ध्या तासावर. मूळचा सांगलीचा. नोकरी गाड्यांच्या धंद्यातलीच, पण सीटबेल्टच्या बकलची. इंजिनाशी माझा संबंध घरी परततानाच येतो. ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे हौशी लोकांच्या जुन्या गाड्यांची मिरवणूक असते. गेली अकरा वर्षं तिथे घडीची खुर्ची घेऊन जातो, लोकांच्या गाड्या बघतो आणि उन्हाने लाल होऊन परत येतो. यंदा बायको म्हणाली, "पुढच्या वर्षी खुर्ची न्यायची नाही. गाडीत बसून जायचं, नाहीतर जायचंच नाही." याला मी परवानगी समजलो.

बजेट सगळं मिळून ४५ हजार डॉलर. गाडी जुनी चालेल, पण क्लच हवाच. दोन वर्षं शोधून दोन गाड्यांवर येऊन अडकलोय.

एक, २०१३ ची फोर्ड मस्टँग बॉस ३०२. स्कूल बस यलो, म्हणजे तोच तो शाळेच्या बसचा पिवळा. १९ हजार मैल. टोलेडोला एका आजोबांकडे आहे, ३८,५०० मागतायत.

दुसरी, २०१९ ची मस्टँग बुलिट. गडद हिरवी. ११ हजार मैल. ग्रँड रॅपिड्सच्या एका डीलरकडे, ४२,९००.

ज्यांना सगळ्या मस्टँग सारख्याच दिसतात त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन्हीत ५ लिटरचं व्ही-८, दोन्हींत गिअर हातानेच टाकायचे, दोन्ही दोनच मॉडेल-वर्षं निघाल्या. साम्य इथे संपलं.

बॉस २०१२ आणि २०१३ ची. ४४४ हॉर्सपॉवर. नेहमीच्या मस्टँग जीटीचंच इंजिन, पण आत फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, जास्त मजबूत) कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन, हेडचे पोर्ट मशीनवर कोरलेले, वर हवा आत घेणारा आखूड नळ्यांचा इनटेक. लाल रेघ, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा, मिनिटाला ७,५०० वर. एग्झॉस्टला चार तोंडं: दोन मागे आणि दोन बाजूला, मागच्या चाकांच्या अलीकडे. बाजूच्या नळ्यांत भोक पाडलेल्या चकत्या असतात. बोल्ट सोडून त्या काढल्या की गल्ली जागी होते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर पाच पायऱ्यांत सैल-कडक करता येतात, पण डॅशबोर्डवर त्याचं बटण वगैरे नाही. पुढचे बोनेट उघडून, मागचे डिकी उघडून, चपट्या स्क्रूड्रायव्हरने आपल्या हाताने फिरवायचे. मला याचंच सगळ्यात कौतुक. मागचा अ‍ॅक्सल मात्र अखंड.

बुलिट २०१९ आणि २०२० ची. ४८० हॉर्सपॉवर. मागची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर. ग्रिलवर घोडा नाही, मागे गोल बिल्ल्यावर फक्त बुलिट. गिअरच्या दांड्यावर बिलियर्डच्या पांढऱ्या चेंडूसारखी मूठ. काटे नाहीत, १२ इंची पडदा आहे. चालू केली की त्यावर हिरवी गाडी उमटते. स्टिअरिंग गरम होतं. हसू नका, जानेवारीत इकडे या आणि मग हसा.

बोला.

---

नुसताच_वाचक | ११ सप्टेंबर, रात्री १०:३१

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

---

काटकसर | ११ सप्टेंबर, रात्री ११:०५

४५ हजार डॉलर इंडेक्स फंडात टाका, दहा वर्षांनी दोन्ही घ्या. वैयक्तिक मत आहे, राग नसावा.

---

बोनेटखालचा | ११ सप्टेंबर, रात्री ११:१४

काटकसर, राग नाही. दहा वर्षांनी मी अठ्ठावन्नचा असेन आणि या गाड्यांचा क्लच काही हलका होणार नाही.

---

रानवारा | १२ सप्टेंबर, सकाळी ७:५०

अखेर माझ्या विषयाचा धागा! दादा, मी तुमच्याच भागातली, नोव्हाईला असते. माझ्याकडे २०२० ची बुलिट आहे, काळी. (हिरव्या आणि काळ्याशिवाय तिसरा रंग सहसा दिसायचा नाही.) चार उन्हाळे चालवली. त्यामुळे मी पक्षपाती आहे हे आधीच सांगते.

ही गाडी रोज चालवता येते, हाच तिचा मोठा गुण. सकाळी साडेसहाला निघायचं असेल तर एग्झॉस्टला वेळ लावून ठेवता येते, रात्री दहा ते सकाळी सात आवाज दाबून चालू हो म्हणून. माझ्या शेजारच्या आजींना अजून माहीत नाही माझ्याकडे व्ही-८ आहे ते. खालचा गिअर टाकताना इंजिन आपणहून रेस घेतं, त्यामुळे झटका बसत नाही. ब्रेक ब्रेम्बोचे, पुढे सहा पिस्टनचे. हायवेवर सहाव्यात टाकून शिकागोपर्यंत गप्पा मारत जाता येतं.

आता खोट. हिला "मर्यादित" आवृत्ती म्हणतात म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. किती गाड्या काढणार याचा आकडा फोर्डने बांधला नव्हता. मर्यादा वर्षांची होती, नगांची नाही. आणि इंजिन २०१८ नंतरच्या जीटीचंच आहे. शेल्बी जीटी३५० या जास्त ताकदीच्या मस्टँगचा इनटेक मॅनिफोल्ड आणि ८७ मिलिमीटरचा थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) लावून ४६० चे ४८० केले. चांगले केले, पण आत हात घातलेला नाही. बॉसमध्ये घातलाय.

---

गॅरेजवाले_नाना | १२ सप्टेंबर, दुपारी १२:२० (पुणे)

मी मस्टँगला जन्मात हात लावला नाही, पण चाळीस वर्षं नाना पेठेतून सुटे भाग आणून लोकांच्या गाड्या उभ्या केल्यात. अखंड अ‍ॅक्सलबद्दल दोन शब्द बोलतो, कारण त्याला उगाच नावं ठेवतात.

मागच्या दोन चाकांमध्ये एकच लोखंडी हौसिंग, मधे डिफ्रेन्शलचा गोळा. डावं चाक खड्ड्यात गेलं की उजव्याला ते कळतंच. कोपऱ्यावर रस्ता खडबडीत असेल तर गाडी मागून बाजूला उडी मारते. ही त्याची खोड. पण सरळ रेषेत जोर लावायला, मार खायला आणि दुरुस्तीला याच्यासारखं दुसरं नाही. आपल्या जीपचा मागचा अ‍ॅक्सल असाच. फरक इतकाच की जीपला पाटे असतात, आणि या बॉसला, वाचलं त्यावरून, कॉइल स्प्रिंग, तीन लिंक आणि एक आडवा दांडा आहे. त्याला पॅनहार्ड रॉड म्हणतात. अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून तो.

बोनेटराव, तुम्ही जीप चालवली आहे का कधी?

---

बोनेटखालचा | १२ सप्टेंबर, संध्याकाळी ६:४०

नाना, जीपवरच शिकलो. बाबा पाटबंधारे खात्यात होते. खात्याची जीप त्यांच्या ड्रायव्हरने, शिंदेमामांनी, मला कृष्णेच्या काठच्या मोकळ्या मैदानात शिकवली. दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर येताना डबल क्लच मारायचा, म्हणजे मधे न्यूट्रलला क्लच सोडून रेस द्यायची आणि परत दाबायचा, नाहीतर जे ओरडायची! मामा म्हणायचे, "गिअर मागायचा असतो, ओढायचा नसतो."

---

आडवळण | १२ सप्टेंबर, रात्री ८:१५ (ह्यूस्टन)

दोन्ही सोडा, डॉज चॅलेंजर घ्या. ब्रॅम्प्टनच्या कारखान्यात डिसेंबर २०२३ मध्ये शेवटची निघाली, आता व्ही-८ वाली परत तशी होणे नाही. "लास्ट कॉल" मालिकेतली शेकडाऊन बघा, खरोखर मोजून १,००० काढल्या. ६.४ लिटर, ४८५ हॉर्सपॉवर, बोनेटमधून वर आलेला शेकर, म्हणजे इंजिनावर बसवलेलं हवेचं तोंड. रानवाराताईंना जी "खरी मर्यादा" हवी आहे ती ही.

---

रानवारा | १२ सप्टेंबर, रात्री ८:३२

आडवळण, धागाकर्त्यांनी दोन गाड्या विचारल्यात. तुम्ही दर धाग्यावर चॅलेंजर काढता. गणपतीच्या मोदकांच्या धाग्यावरही काढली होती.

---

आडवळण | १२ सप्टेंबर, रात्री ८:४०

तिथे डिकीचा विषय निघाला होता. २१ जणांचे मोदक बसले, अजून काय पाहिजे?

---

खडूफळा | १३ सप्टेंबर, सकाळी ६:१०

इतिहासाचा मास्तर आहे, राहवत नाही म्हणून लिहितो. नावं कुठून आली ते कुणीच सांगितलं नाही.

अमेरिकेत साठच्या दशकाअखेर ट्रान्स-अ‍ॅम नावाच्या शर्यती गाजत होत्या. नियम असा की इंजिन ३०५ घन इंचांच्या आत हवं, म्हणजे साधारण ५ लिटर. आणि शर्यतीत जे उतरवाल ते दुकानातही विकलं पाहिजे. शेव्हरोलेने ३०२ घन इंचाची कॅमॅरो झी/२८ आणली होती. तिला उत्तर म्हणून फोर्डने १९६९ मध्ये बॉस ३०२ काढली. पहिल्या वर्षी १,६२८ गाड्या. "बॉस" हे नाव लॅरी शिनोडा या डिझायनरने दिलेलं. १९७० मध्ये पार्नेली जोन्स या शर्यतपटूने कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका ट्रॅकवरची हंगामातली पहिलीच शर्यत बॉसवर जिंकली आणि त्या हंगामाचं उत्पादकांचं विजेतेपद फोर्डला मिळालं. म्हणून २०१२ ला बॉस परत आली तेव्हा तिची लगुना सेका नावाची आणखी कडक आवृत्तीही आली. तिच्यात मागची सीटच काढून तिथे आडवा दांडा लावला होता.

बुलिटचं मूळ १९६८ च्या त्याच नावाच्या सिनेमात. स्टीव्ह मॅक्क्वीन हिरव्या मस्टँगमधून सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर काळ्या डॉज चार्जरचा पाठलाग करतो, जवळजवळ अकरा मिनिटं. बारकाईने बघितलं तर त्यात एकच हिरवी बीटल पुन्हा पुन्हा मागे पडते, आणि चार्जरच्या चाकांच्या टोप्या चारापेक्षा जास्त वेळा निखळतात! पण मजा पुढे आहे. चित्रीकरणातली मुख्य गाडी १९७४ मध्ये न्यू जर्सीतल्या कीर्नन कुटुंबाने ६ हजार डॉलरला घेतली. घरातल्या बाई शिक्षिका. त्या गाडीने शाळेत जायच्या. १९७७ मध्ये मॅक्क्वीनने स्वतः पत्र लिहून गाडी परत मागितली. दिली नाही. पुढे ती कित्येक वर्षं नुसती पडून होती. जानेवारी २०१८ मध्ये डिट्रॉइटच्या ऑटो शोमध्ये नव्या बुलिटशेजारी ती लोकांसमोर आली, आणि जानेवारी २०२० मध्ये लिलावात ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली.

म्हणजे बघा, एकीचं नाव शर्यतीच्या नियमातून आलंय आणि दुसरीचं पडद्यावरून.

---

टिकोजीराव | १३ सप्टेंबर, सकाळी ९:००

इलेक्ट्रिक घ्या. दोन्हींच्या पुढे जाईल आणि गप्प जाईल.

---

नुसताच_वाचक | १३ सप्टेंबर, सकाळी ९:०४

आलेच. वाटच बघत होतो.

---

पेठेतला | १३ सप्टेंबर, दुपारी ४:४५

बाळबोध प्रश्न: परत येताना गाडी पुण्यात आणता येईल का?

---

रानवारा | १३ सप्टेंबर, रात्री ९:२०

पेठेतला, बॉसचं नावच काढू नका. त्या पिढीच्या मस्टँग डाव्या स्टिअरिंगच्याच; कारखान्यातून उजवं स्टिअरिंग २०१५ च्या पिढीपासून आलं. भारतात जुनी गाडी आणायची तर उजवं स्टिअरिंग हवं आणि गाडी तीन वर्षांहून जुनी नको. वर जकात. २०१६ मध्ये फोर्डने भारतात अधिकृतपणे मस्टँग आणली होती, ५ लिटरचीच, पण ऑटोमॅटिक, सुरुवातीला ६५ लाखांना. त्यातल्या काही अधूनमधून विकायला निघतात. तुमच्यासाठी सरळ रस्ता तो.

---

काटकसर | १४ सप्टेंबर, सकाळी ८:३०

मी फक्त हिशेब करतो. बुलिट ४२,९००. मिशिगनचा ६ टक्के विक्रीकर धरला की ४५,४७४. म्हणजे बजेट ४७४ डॉलरने फुटलं, अजून विमा आणि टायर बाकी आहेत. बॉस करासकट ४०,८१०. पुढे तुमची मर्जी.

---

बोनेटखालचा | १४ सप्टेंबर, सकाळी ८:५५

काटकसर, तुम्हीच या धाग्यावर सर्वांत उपयोगी निघालात.

---

गॅरेजवाले_नाना | १४ सप्टेंबर, दुपारी १:१० (पुणे)

बघायला जाल तेव्हा: आदल्या रात्री फोन करून सांगा, इंजिन गरम करून ठेवू नका. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर चहा पिऊन परत या. थंड इंजिन चालू करून पहिला अर्धा मिनिट काही बोलू नका, विकणाऱ्यालाही बोलू देऊ नका. टिकटिक, खरखर जे असेल ते तेव्हाच ऐकू येतं.

बॉस शर्यतीच्या ट्रॅकवर पळालेली असेल, आणि पळाली म्हणून वाईट नाही. ट्रॅकवाला माणूस तेल वेळेवर बदलतो. पण ब्रेकच्या डिस्कवर उष्णतेच्या बारीक चिरा बघा, टायरच्या बाहेरच्या कडा बघा, पुढच्या बंपरवर खड्यांचे टिपके बघा. बाजूच्या एग्झॉस्टचे बोल्ट चमकत असतील तर चकत्या नेहमी काढघाल केल्यात. मग गाडीखाली जा. कपडे खराब होतील असे घाला.

---

रानवारा | १४ सप्टेंबर, दुपारी ३:०२

नानांना +१. आणि बॉसला किल्ल्या किती, ते विचारा. ट्रॅककी नावाची एक लाल किल्ली असते, डीलरकडून घालून घ्यायची सोय होती. काळ्या किल्लीने चालू केली तर साधी गाडी. लाल किल्लीने चालू केली तर इंजिनाच्या संगणकातल्या दोनशेहून जास्त गोष्टी बदलतात आणि ती उभ्या जागी जुन्या रेसकारसारखी अडखळत घुमायला लागते. लाल किल्ली नसेल तर भाव पाडा.

---

बोनेटखालचा | २१ सप्टेंबर, रात्री ११:२०

आज ग्रँड रॅपिड्सला जाऊन बुलिट चालवली. लेक बरोबर होती, सोळा पूर्ण झालीये, तिलाही क्लच शिकायचाय.

काय सांगू? फोटोत तो हिरवा काळपट दिसतो, उन्हात आला की शेवाळलेल्या विहिरीसारखा खोल दिसतो. दार जड आणि नेमकं लागतं. क्लच इतका सोशिक की लेकीने पार्किंगमध्ये तिसऱ्या प्रयत्नात गाडी हलवली. पांढरी मूठ हातात बसते. हायवेला चौथ्यात ३,००० वरून पाय दाबला तेव्हा मानेला जे कळायचं ते कळलं. तरी आत शांतता. खड्डे आले, नुसते ऐकू आले. चूक काढायला जागा नाही.

सेल्समनने विचारलं, "आजच कागद करायचे?" म्हटलं, सोमवारी सांगतो.

---

रानवारा | २१ सप्टेंबर, रात्री ११:३१

सोमवार? दादा!

---

आडवळण | २२ सप्टेंबर, सकाळी ७:४५

चूक काढायला जागा नाही म्हणता आणि सोमवार मागता. स्थळ बघायला गेल्यासारखं करताय.

---

बोनेटखालचा | २३ सप्टेंबर, दुपारी १२:०८

गेली. आज सकाळीच इंडियानाचा कुणीतरी येऊन घेऊन गेला.

---

नुसताच_वाचक | २३ सप्टेंबर, दुपारी १२:१०

अरेरे. धागा चर्चेत, गाडी रस्त्यात.

---

खडूफळा | २३ सप्टेंबर, दुपारी १:३०

वाईट वाटलं. पण कीर्नन बाईंना तरी कुठे माहीत होतं, त्यांच्या गाडीचं पुढे काय होणार ते.

---

बोनेटखालचा | २३ सप्टेंबर, रात्री १०:४४

खरं सांगतो, इथे चेहरा कुणाला दिसत नाही म्हणून. फोन ठेवला तेव्हा हळहळ वाटायला हवी होती. कॅन्टीनमध्ये दुसरा समोसा घेतला. सुटल्यासारखं वाटलं. ज्या गाडीत चूक काढता आली नाही तिच्यासाठी दोन दिवस थांबता आलं मला, आणि टोलेडोच्या गाडीची जाहिरात या दोन दिवसांत चौदा वेळा उघडून बघितली, विकली गेली का म्हणून.

शनिवारी टोलेडो.

---

गॅरेजवाले_नाना | २४ सप्टेंबर, सकाळी ९:१५ (पुणे)

बोनेटवर हात ठेवायला विसरू नका.

---

बोनेटखालचा | २८ सप्टेंबर, रात्री ९:३०

सविस्तर लिहितो.

आजोबा पंचाहत्तरीचे. शाळेत सुतारकाम शिकवायचे. गाडी पिवळी का घेतली विचारलं, तर म्हणाले बायकोने २६ वर्षं शाळेची बस चालवली. निवृत्तीला तिला बक्षीस म्हणून ही आणली, ती म्हणाली, "परत पिवळीच?" गेल्या वर्षी त्या वारल्या. आजोबांचा डावा गुडघा बदललाय, क्लच झेपत नाही. म्हणून विकतायत.

नाना, बोनेट थंडगार होतं. पहिली किल्ली फिरवली आणि मी ठरल्याप्रमाणे गप्प राहिलो. आजोबाही गप्प राहिले, त्यांनाही तेच ऐकायचं होतं बहुतेक. आवाज मागून यायच्या आधी दाराखालून येतो, ढुंगणाखाली कुणी पखवाज ठेवल्यासारखा. टिकटिक नाही.

गाडीखाली गेलो. डिस्क स्वच्छ, एग्झॉस्टच्या चकत्यांच्या बोल्टवर कारखान्याचा गंज तसाच. ट्रॅकचं तोंड हिने पाहिलेलं नाही. पॅनहार्ड रॉडवर हात फिरवून आलो, तुमच्या वतीने.

चालवताना पहिली पाच मिनिटं मला ती आवडली नाही. क्लच जड, दुसरा गिअर थंडीत जरा हट्टी. मधे रेल्वेचं फाटक लागलं, त्यावर मागचा अ‍ॅक्सल डावीकडे एवढीशी उडी मारून परत जागेवर आला. माझ्या पोटात खड्डा पडला आणि लगेच शिंदेमामा आठवले. मग मी गिअर ओढायचं सोडलं. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना मीच रेस दिली, मीच क्लच सोडला, आणि जमलं. परत केलं, नाही जमलं, गाडीने गचका देऊन तसं सांगितलं. ५,००० च्या पुढे इंजिनाचा सूरच बदलतो. ७,००० ला पोचेपर्यंत रस्ता संपला.

बुलिटमध्ये मी बसलो होतो. हिच्यात मी काम करत होतो.

खोट एकच: लाल किल्ली नाही. आजोबा म्हणाले होती, बायकोकडे असायची, कुठे ठेवली ठाऊक नाही. घर शोधलं म्हणाले. ३८,५०० वरून ३६,८०० वर आले. घासाघीस मी आणखी केली असती, पण समोर भिंतीवर बाईंचा बसच्या पायरीवरचा फोटो होता.

घेतली.

---

काटकसर | २८ सप्टेंबर, रात्री ९:४१

करासकट ३९,००८. सुमारे सहा हजार उरले. अभिनंदन!

---

रानवारा | २८ सप्टेंबर, रात्री ९:५५

अभिनंदन दादा! मी बुलिटवाली असून सांगते, बरोबर केलंत. विमा "ठरलेल्या किमतीचा" घ्या, साधा नको. साध्या विम्यात गाडी गेली तर ते दरसाल घसरलेली किंमत धरतात. ठरलेल्या किमतीच्या विम्यात आज जो आकडा दोघांनी मान्य केला तोच मिळतो. आणि ते उन्हाळी टायर थंडीत लाकूड होतात, ७ अंश सेल्सियसच्या खाली तापमान गेलं की गाडी बाहेर काढू नका.

---

आडवळण | २८ सप्टेंबर, रात्री १०:२०

अभिनंदन. डिकीत मोदक किती बसतात ते कळवा.

---

बोनेटखालचा | २० ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१५

आडवळण, १५१. दोन डब्यांत. मागचे शॉक एका पायरीने सैल केले तेव्हा एकही फुटला नाही. कोजागिरीला मंडळात नेले होते.

लेक अजून रागावते हिच्यावर. सहा वेळा बंद पाडली आज. मी शेजारी बसून "गिअर मागायचा असतो" म्हणालो, तर म्हणते, "बाबा, मग हिला मराठी येतं का?"

---

बोनेटखालचा | १४ नोव्हेंबर, रात्री ८:०५

टोलेडोहून जाड पाकीट आलं. आत एक चपटा स्क्रूड्रायव्हर, लाकडी मुठीचा, आजोबांनी स्वतः कातलेल्या. आणि कापसात गुंडाळलेली लाल किल्ली. चिठ्ठीत दोन ओळी: शॉक फिरवायच्या हत्यारांच्या डब्यात तळाशी सापडली, तिने तिथेच ठेवली होती, मी तो डबा सोडून सगळं घर शोधलं.

जॅकेट घालून धावत गॅरेजात गेलो. दार वर केलं. तेवढ्यात समोरून या हिवाळ्याचा पहिला मिठाचा ट्रक गेला, बर्फ वितळवणारं आणि गाड्या गंजवणारं पांढरं रस्ताभर पेरत. या डिट्रॉइट शहराच्या पोटातच मिठाची खाण आहे, हजार फुटांहून खोल. कमी पडायचा प्रश्नच नाही. बॅटरीला गेल्याच आठवड्यात चार्जर जोडलाय, टाकीत पेट्रोल टिकवायचं औषध घातलंय, एग्झॉस्टच्या चारही तोंडांत उंदीर जाऊ नयेत म्हणून चिंध्या कोंबल्यात.

किल्ली हातात धरून पाच मिनिटं उभा होतो. मग दार खाली केलं.

---

गॅरेजवाले_नाना | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:४० (पुणे)

चिंध्या काढल्याशिवाय चालू करू नका. एप्रिलपर्यंत किल्ली कुठे ठेवणार?

---

बोनेटखालचा | १५ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

बायकोने देवघरात ठेवलीये. हळदकुंकवाच्या करंड्याशेजारी.

---

रानवारा | १५ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

कुठे ठेवली ते इथे लिहिलंत ते बरं केलंत.